सात जणी, सात प्लेटा

आम्ही वालूरहून बोलतोय. सेलू तालुक्यातलं आमचं गाव चकरीसारख्या गोल पायऱ्यांच्या बारवेमुळं आता लांबच्या लोकांनाही माहीत झालंय. पण आजची गोष्ट बारवेची नाही, हॉटेलातल्या टेबलाची आहे.

हॉटेल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं कोण येतं? पेपर वाचत बसलेले बाप्ये. बाई हॉटेलात जाते ती दवाखान्याला गेल्यावर, नाहीतर एसटी चुकल्यावर, आणि तेव्हाही चहा उभ्यानं पिऊन निघते. आम्ही सात जणी पहिल्यांदा तालुक्याच्या गावी एका हॉटेलात शिरलो, तर पोरानं न विचारताच मागच्या पडद्याच्या खोलीकडं बोट दाखवलं. तिथं पंखा बंद होता. भाव विचारायची लाज वाटली, म्हणून पहिलीनं पोहे सांगितले आणि मग सगळ्यांनीच पोहे सांगितले. सात प्लेटा पोहे! खाऊन मुकाट्यानं बाहेर आलो.

दुसऱ्या खेपेला शहाण्या झालो. आमच्याच गावात स्टँडजवळ एक लहानसं हॉटेल आहे, नवरा-बायको दोघं चालवतात. तिथली बाई नवनवीन करून बघणारी. यावेळी ठरवलं की सात जणींनी सात प्लेटा सांगायच्या, पण एकसारख्या नाही, आणि सगळ्या मधे ठेवायच्या. सुशीला दोन, 60 रुपये. धपाटे-दही दोन, 100 रुपये. ज्वारीचे आप्पे, मिरची भजे आणि ज्वारीच्या लाह्यांची भेळ एकेक, प्रत्येकी 40. झाले 280. सात चहा 70 रुपये. एकूण 350, म्हणजे माणशी 50. तेवढ्यात प्रत्येकीच्या तोंडात पाच चवी पडल्या. एकटीनं ह्या पाचही प्लेटा घेतल्या असत्या तर 200 रुपये लागले असते, आणि अर्धं टाकून यावं लागलं असतं ते वेगळंच.

सुशीला आपल्याला नवी नाही. मुरमुरे पाण्यातून काढून पिळायचे, कांदा-मिरची-शेंगदाण्याची फोडणी द्यायची, वरून डाळव्याचं कूट. पण ह्या बाईनं त्यात कैरी किसून घातली होती. आप्प्यांची रीत आम्ही तिथंच विचारून घेतली. ज्वारी तीन वाट्या आणि उडदाची डाळ एक वाटी. ज्वारी रात्रभर भिजवायची, डाळीला चार तास आणि चिमूटभर मेथ्या. वाटून एकत्र करायचं, रात्रभर आंबू द्यायचं. थंडीत पीठ लवकर फुगत नाही, म्हणून पातेलं चुलीजवळ ठेवायचं. सकाळी त्यात हिरवी मिरची आणि कोथिंबीर घालून आप्पेपात्रात दोन्ही बाजूंनी भाजायचं. सोडा लागत नाही.

ज्वारीच का, असं कुणी विचारेल. ती आपल्या रानातली आहे. शिवाय परभणीच्या कृषी विद्यापीठानं 2018 मध्ये ‘परभणी शक्ती’ नावाचं ज्वारीचं वाण दिलंय, त्यात लोह आणि जस्त जास्त आहे. लोहाचं आपल्याला काय, असं म्हणू नका. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या शंभरातल्या 54 बायांना रक्त कमी निघालं. घरात आपण शेवटी जेवतो. कालवण संपलेलं असतं, भाकरी मिरचीच्या ठेच्याशी जाते. टेबलावर मात्र कुणी शेवटी नसतं, हे आम्हाला त्या दिवशी जाणवलं. एक गोष्ट चुकली. खाल्ल्याबरोबर चहा घेतला की अन्नातलं लोह अंगाला कमी लागतं. तासाभरानं घ्यावा, आणि खाताना वर लिंबू पिळावं. आता आम्ही चहा आधीच पिऊन जातो. अगदी आधी, घरूनच.

आता खरी अडचण सांगतो. आमच्या गटात सगळ्या आळ्यांच्या बाया आहेत. बैठकीला एका सतरंजीवर बसतो, पण एका ताटलीतलं उचलायची वेळ आली तेव्हा दोन हात थांबले. कुणी काही बोललं नाही. मैत्रिणींनो, ही गोष्ट जुनी आहे. 1890 साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटं घेतली म्हणून रानडे आणि टिळकांसारख्यांवर ग्रामण्य आलं, प्रायश्चित्त घ्यायची वेळ आली. नुसत्या चहावरून! पुढं समतानंद अनंत हरी गद्र्यांनी झुणका-भाकरीची सहभोजनं घातली. सत्यनारायणाच्या पूजेला दलित जोडपं बसवायचे आणि तोच झुणका-भाकर प्रसाद सगळ्यांनी खायचा. आमच्या टेबलावर एवढं मोठं काही झालं नाही. वयानं सगळ्यांत मोठ्या आजींनी धपाट्याचे सात तुकडे केले, दह्यात बुडवले आणि एकेकीच्या हातात ठेवले. आजींच्या हातचं नाही कोण म्हणणार?

तुमच्या गटाला करायचं असेल तर थोडं ठरवून जा. बचतीच्या पैशाला हात लावू नका, हिशेबाच्या वहीत खाऊ मिसळला की भांडण होतं. आम्ही वेगळा डबा ठेवलाय, दर बैठकीला 10 रुपये. जिला जमलं नाही तिचे राहिले, पण ती येते. रिकामी ताटली प्रत्येकीला मागा आणि मधल्या प्लेटीतून वाढायच्या चमच्यानंच घ्या. सोवळ्यासाठी नाही, खोकला-सर्दी पसरू नये म्हणून. कुणाचा उपास, कुणाला शेंगदाणा चालत नाही, कुणाला साखरेचा आजार, हे आधी विचारा. भाव आधी विचारा, मोठ्यानं विचारा. आणि पडद्यामागं बसू नका. हवा येते तिथं बसा.

आमच्यातली एक विधवा मैत्रीण पहिल्या दिवशी दारातच थांबली होती. लोक काय म्हणतील, ही भीती. लोक म्हणाले, तेही तिसऱ्या दिवशी, तिच्याच दिराच्या तोंडून. आम्ही चौघी तिच्या घरी गेलो आणि दिराला म्हटलं, भाऊ, बुधवारी तुम्ही पण या, पण 10 रुपये डब्यात टाकावे लागतील. ते काही आले नाहीत, पण पुन्हा बोललेही नाहीत. आता भजे जास्त तिखट हवेत की कमी, हे तीच सांगते.

हॉटेलवाल्या बाईनं हुरड्याचे वडे करून बघायचं ठरवलंय. चटणी जवसाची की कारळाची, ह्यावर आमच्यात दोन तट पडलेत. हुरडा रानातून आला की दोन्ही मागवू.