हजीऱ्याची चिंच आणि ‘मानापमाना’च्या आठवणी

ग्वाल्हेर शहरात हजीरा या नावाचा एक गजबजलेला भाग आहे. हजीरा म्हणजे थडग्याभोवतालचे आवार. हे आवार आहे सूफी संत महंमद घौस यांच्या भव्य मकबऱ्याचे, आणि त्याच्या छायेतच मियाँ तानसेनाची लहानशी, साधी समाधी आहे. समाधीशेजारी चिंचेचे झाड आहे. त्याची पाने चघळली म्हणजे गळा गोड होतो, अशी गायकांची पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे. जुने झाड काळाच्या ओघात गेले. आज तिथे दिसते ते त्याच्या जागचे नंतरचे झाड. तरीही पाने तोडणारे हात थांबलेले नाहीत. झाड बदलले, श्रद्धा बदलली नाही. दर वर्षी डिसेंबरच्या सुमारास इथे जो तानसेन समारोह भरतो, त्याने 2024 साली शंभरी गाठली. त्या समारोहाला येणारा गवई आजही समाधीपुढे नतमस्तक होतो, आणि जमल्यास एखादे पान तोंडात टाकतो.

कलेच्या इतिहासात असे नेहमीच घडते. कलावंत जातो, त्याचा आवाज जातो, ज्या मंचावर तो गायिला तो मंचही जातो. मागे उरतात त्या आठवणी. त्या आठवणींत खरे किती आणि भाविकांनी वाढविलेले किती, हा प्रश्न तानसेनाच्या चिंचेपुरता मर्यादित नाही. मराठी संगीत रंगभूमीच्या बाबतीत तर तो फारच जिव्हाळ्याचा आहे. ग्वाल्हेरच्या लष्करातील जुन्या मराठी घरांत काय किंवा पुण्या-सांगलीच्या वाड्यांत काय, चार जुने दर्दी एकत्र आले की बोलणे फिरून फिरून येते ते नाटकांवर. आणि त्यातही एका नाटकावर ते अधिक वेळ रेंगाळते. ते नाटक म्हणजे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘संगीत मानापमान’.

या नाटकाचा पहिला प्रयोग 12 मार्च 1911 रोजी मुंबईच्या रिपन थिएटरात किर्लोस्कर नाटक मंडळीने केला. कथानक तसे सरळ आहे. पराक्रमी परंतु निर्धन सेनापती धैर्यधर याला केवळ गरीब म्हणून धनाढ्य घरची भामिनी नाकारते. पुढे वनमालेचा वेष घेऊन ती त्याच्या छावणीत जाते आणि त्याच्या गुणांवर लुब्ध होते. दुसरीकडे श्रीमंत पण भित्रा लक्ष्मीधर हास्यरसाची बाजू सांभाळतो. भामिनीची भूमिका बालगंधर्वांची, धैर्यधराची नानासाहेब जोगळेकरांची आणि लक्ष्मीधराची गणपतराव बोडसांची. ‘कीचकवधा’सारखे जळजळीत गद्य नाटक लिहिणारे खाडिलकर या नाटकाने प्रथमच संगीत रंगभूमीवर उतरले. ‘कीचकवधा’वर सरकारने 1910 साली बंदी घातली होती, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे राजकारणाच्या आखाड्यातील या लेखकाने मानी सेनापतीची प्रेमकथा का निवडली असावी, याचे कुतूहल वाटल्यावाचून राहत नाही.

पहिल्या प्रयोगाची जी आठवण जुने रसिक सर्वांत आधी सांगतात, ती दुर्दैवाने खरी आहे. प्रयोगाच्या त्याच दिवशी बालगंधर्वांच्या कन्येचे निधन झाले. प्रयोग पुढे ढकलावा असे इतरांना वाटले. परंतु बालगंधर्व रंगपटात गेले, त्यांनी भामिनीचा साज चढविला आणि ते प्रेक्षकांसमोर उभे राहिले. त्या वेळी त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. ही आठवण इतकी का टिकली? प्रेक्षकांना ‘मायबाप’ म्हणणाऱ्या नटाने तो शब्द त्या रात्री आपल्या दुःखाच्या मोलाने खरा करून दाखविला, म्हणून. पुढील पन्नास वर्षे प्रेक्षकांनी त्यांच्यावर जे उदंड प्रेम केले, त्यातील एक धागा त्या रात्रीच्या प्रयोगाशी जुळलेला आहे.

पडद्यामागची दुसरी गोष्ट आहे ती चालींची. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली ‘शाकुंतल’ आणि 1882 साली ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणले, तेव्हा त्यांच्या पदांना साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत अशा ओळखीच्या छंदांचा आणि कीर्तनातल्या, लावणीतल्या वळणांचा आधार होता. प्रेक्षक ती पदे घरी जाताना गुणगुणू शकत. ‘मानापमाना’त हे चित्र पालटले. चाली देण्याचे काम आले कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांकडे. ते स्वतः नामांकित पेटीवादक. भास्करबुवा बखल्यांसारख्या गवयांना साथ करून त्यांचे कान तयार झालेले. त्यांनी रागदारीतल्या चिजा आणि उत्तरेकडील ठुमरी, दादरा, कजरी यांचे नखरे मराठी रंगभूमीवर आणले. आधी चाल आणि मग त्या चालीच्या मापाने बेतलेले शब्द, असा क्रम ठरला. खाडिलकरांच्या पदांतील शब्दरचना काही ठिकाणी अवघड, ओढाताणीची वाटते, असा आक्षेप टीकाकारांनी वारंवार घेतला आहे; त्याचे मूळ बऱ्याच अंशी इथे आहे. सुरांचा साचा आधीच तयार असला म्हणजे शब्दांना अंग चोरूनच त्यात शिरावे लागते. परंतु याच घडणीमुळे नटाला प्रत्येक पदात विस्ताराला भरपूर जागा मिळाली, आणि नाटक पाहता पाहता प्रेक्षकाच्या कानी रागसंगीत पडू लागले. ज्याने कधी मैफलीचे तोंड पाहिले नव्हते, असा माणूस पिटात बसून यमन आणि भीमपलास ओळखू लागला, त्याचे श्रेय या परंपरेला आहे.

या ठिकाणी ग्वाल्हेरचे ऋण आठवावे लागते. हद्दूखाँ-हस्सूखाँची ख्यालगायकी वासुदेवबुवा जोशांकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी घेतली आणि महाराष्ट्रात आणली. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर, आणि पलुसकरांचे शिष्य विनायकबुवा पटवर्धन. हे विनायकबुवा 1922 पासून 1932 पर्यंत गंधर्व नाटक मंडळीत होते आणि बालगंधर्वांच्या भामिनीसमोर त्यांनी धैर्यधर उभा केला. दुसरीकडे सावंतवाडी भागातील रामकृष्णबुवा वझे तरुणपणी ग्वाल्हेरला गेले, हालअपेष्टा सोसून निसार हुसेनखाँकडे शिकले. आणि पुढे ‘ललितकलादर्श’ मंडळीच्या नाटकांना त्यांनी चाली दिल्या. म्हणजे हजीऱ्याच्या शहरातून निघालेली एक गानधारा मिरजेच्या वाटेने आणि दुसरी कोकणच्या वाटेने येऊन मराठी रंगमंचावर पोहोचली. ग्वाल्हेरकर मराठी माणसाला नाट्यसंगीत परके वाटत नाही, याचे कारण हेच.

आठवणींच्या या भांडारातील सर्वांत झळझळीत रत्न म्हणजे ‘संयुक्त मानापमान’. तारीख 8 जुलै 1921, स्थळ मुंबईचे बालीवाला थिएटर, निमित्त टिळक स्वराज्य फंड. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी संस्था एकाच रात्री एकाच रंगमंचावर आल्या. भामिनी बालगंधर्वांची, धैर्यधर केशवराव भोसल्यांचा, लक्ष्मीधर बोडसांचा. तिकिटांचे दर नेहमीच्या मानाने कितीतरी पटींनी अधिक असूनही थिएटर भरून गेले. दोघांच्याही चाहत्यांचे तट होते. कोण कोणावर मात करतो हे पाहायला पुष्कळजण आले होते. जे जुने रसिक त्या रात्रीचे वर्णन करीत, त्यांच्यापैकी केशवरावांचे पक्षपाती केशवरावांच्या तडफदार तानांनी सुरुवात करीत, आणि बालगंधर्वांचे भक्त भामिनीच्या प्रवेशाने. परंतु शेवट मात्र दोघांचा एकच असे: त्या रात्री कोणी हरले नाही.

या आठवणीला कारुण्याची किनार आहे. त्या प्रयोगानंतर तीन महिने पुरे होण्याआधीच, 4 ऑक्टोबर 1921 रोजी, केशवराव विषमज्वराने गेले. त्यांचे वय होते एकतीस. म्हणूनच पुढे ज्याने त्याने त्या रात्रीची आठवण अधिक घट्ट धरून ठेवली. पुन्हा कधीच घडू न शकणाऱ्या गोष्टीला मनात वेगळेच तेज चढते. इतके की, त्या रात्री थिएटरात जितक्या खुर्च्या होत्या त्यापेक्षा अधिक माणसे पुढे ‘आम्ही तो प्रयोग पाहिला’ असे सांगत असावीत, अशी थट्टा करण्याचा मोह व्हावा. ही लबाडी मात्र नव्हे. ज्याने वडिलांच्या तोंडून ती रात्र वीस वेळा ऐकली, त्याला ती आपण पाहिली असेच वाटू लागते. स्मृतीचा हा धर्मच आहे.

मग अशा आठवणींवर विश्वास किती ठेवावा? याचे उत्तर सरसकट देता येत नाही. पण काही कसोट्या हाताशी आहेत. पहिली कसोटी, सांगणारा डोळ्यांनी पाहिलेले सांगतो की कानांनी ऐकलेले. दुसरी, त्याचा पुरावा लिखित आठवणींशी जुळतो की नाही. गणपतराव बोडसांची ‘माझी भूमिका’ आणि गोविंदराव टेंब्यांचा ‘माझा संगीत व्यासंग’ ही प्रत्यक्ष पडद्यामागे वावरलेल्यांची पुस्तके आहेत. रंगपटातील हेवेदावे, तालमींचे कष्ट, कंपनीची बिऱ्हाडे यांचे चित्र तिथे सापडते. तिसरी कसोटी सर्वांत नाजूक आहे. दोन आठवणी परस्परविरुद्ध असल्या म्हणजे त्यांतील एक खोटीच असते, असे मानू नये. धैर्यधराची पदे एका रसिकाला टेंब्यांच्या मूळ चालीत आठवतात, तर दुसऱ्याला मास्टर दीनानाथ मंगेशकरांच्या आक्रमक, पंजाबी ढंगाच्या गायकीत. दोघेही खरे बोलत असतात. 1918 साली स्थापन झालेल्या बलवंत संगीत मंडळीतून दीनानाथांनी त्याच पदांना निराळेच रूप दिले होते. धैर्यधर एकच, पण प्रत्येकाने पाहिलेला धैर्यधर वेगळा.

ध्वनिमुद्रिकांचा पुरावा आहे, तो अपुरा आहे. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावे. रंगमंचावर तेच पद ‘वन्समोर’च्या गजरात पुनःपुन्हा म्हटले जाई, दर वेळी नव्या जागा घेत फुलत जाई. प्रयोग रात्री सुरू होऊन उत्तररात्रीपर्यंत, कधी पहाटेपर्यंत चाले. ध्वनिक्षेपक नव्हता, गळा, रंगमंचाची रचना आणि श्रोत्यांची शांतता यांवर सारी मदार असे. साथीला उस्ताद अहमदजान थिरकवा यांचा तबला आणि कादरबक्ष यांची सारंगी. प्रवेशाप्रवेशाला बदलणारे उंची शालू, थिएटरात दरवळणारे अत्तर, आणि कोल्हापूरच्या बाबुराव पेंटरांसारख्या चित्रकारांनी त्या काळच्या रंगभूमीसाठी रंगविलेले पडदे. यांतील काय तबकडीत उतरले? जवळजवळ काहीच नाही. बालगंधर्व पदर सावरून प्रेक्षकांकडे किंचित वळत तेव्हा थिएटरात जो उसासा उमटे, त्याची नोंद कोणत्याही यंत्राने घेतलेली नाही. ती फक्त रसिकांच्या आठवणींत होती. आणि आठवण सांगणारा माणूस गेला की ती त्याच्याबरोबर जाते.

वास्तूंचाही भरवसा नसतो. कोल्हापुरात शाहू महाराजांनी उभारलेले पॅलेस थिएटर पुढे केशवराव भोसले नाट्यगृह या नावाने ओळखले जाऊ लागले. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री त्याला आग लागली आणि आतील रंगमंच भस्मसात झाला. दुसऱ्या दिवशी, 9 ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. जळक्या भिंतींसमोर उभे राहून डोळे पुसणाऱ्यांत अनेकांचा केशवरावांच्या गाण्याशी संबंध केवळ ऐकीव आठवणींपुरता होता. परंतु तेवढ्या धाग्यानेही माणसे तिथे ओढली गेली. पुनर्बांधणीचे काम हाती घेतले गेले, त्यामागे हीच ओढ होती.

‘मानापमान’ अद्याप विझलेले नाही. त्याची पदे मैफलींत गायिली जातात, नव्या गळ्यांवर चढतात. 2025 साली त्यावर आधारलेला चित्रपटही आला. तरुण प्रेक्षक चित्रपट पाहून घरी येतो आणि आजोबांना विचारतो, ‘खरे नाटक असेच होते का?’ तो क्षण मोलाचा आहे. आजोबांनी बालगंधर्वांना पाहिलेले नसते. पण त्यांनी आपल्या वडिलांकडून ऐकलेले असते. ते जे सांगतील त्यात तारखांची गल्लत होईल, एखाद्या नटाच्या जागी दुसऱ्याचे नाव येईल, वन्समोरांची संख्या थोडी फुगेल. तरीही ते टिपून ठेवावे. कोणी सांगितले, कोणाकडून ऐकले, केव्हाचे आहे, एवढे त्याखाली लिहून ठेवले म्हणजे पुढचा अभ्यासक खरे-खोटे निवडून घेईल. न लिहिलेले मात्र त्याला कुठूनही निवडता येणार नाही.

हजीऱ्याच्या चिंचेचे पान खाऊन कोणाचा गळा गोड झाला की नाही, हे सिद्ध करता येत नाही. पण त्या पानासाठी जो गायक तिथवर जातो, तो जाता जाता तानसेनाच्या समाधीपुढे घटकाभर थांबतो, आणि आपल्याआधी कोणी गायिले होते याचे त्याला स्मरण होते. जुन्या नाटकांच्या आठवणींचे कामही तेवढेच आहे.