लहान मुलाला घेऊन अंदमानला जाताना : डॉक्टर समुद्रापलीकडे आहेत, हे धरून तयारी करा

डिसेंबर जवळ आला की दीड-दोन वर्षांच्या मुलांचे आईबाबा लसीसाठी येतात आणि निघता निघता विचारतात, "डॉक्टर, अंदमानचं बुकिंग करतोय, बाळाला चालेल ना?" आजी-आजोबांना सेल्युलर जेल बघायचं असतं, आईबाबांना समुद्र. बाळाला कोणी विचारलेलं नसतं.

मूल निरोगी असेल आणि त्याच्या लशी वेळेवर झाल्या असतील, तर बहुतेक वेळा उत्तर ‘हो’ असतं. खरी अडचण अंतराची असते. छत्रपती संभाजीनगरात रात्री अकराला ताप चढला तर थोड्याच वेळात बालरोगतज्ज्ञ गाठता येतो, नाहीतर घाटी रुग्णालय आहेच. हॅवलॉक म्हणजे आताचं स्वराज द्वीप आणि नील म्हणजे शहीद द्वीप. या बेटांवर प्राथमिक उपचार मिळतात, पण मोठं सरकारी रुग्णालय, जी. बी. पंत, हे पोर्ट ब्लेअरला आहे. (२०२४ पासून शहराचं नाव श्री विजय पुरम आहे, तिकिटावर ते दिसलं तर गोंधळू नका.) हॅवलॉकहून तिथपर्यंत खासगी वेगवान बोटीने सुमारे दीड तास आणि सरकारी बोटीने दोन-अडीच तास लागतात. प्रवासी बोटी रात्री चालत नाहीत. त्यामुळे घरी जे निर्णय आपण ऐनवेळी घेतो, ते इथे निघण्याआधीच घेऊन ठेवावे लागतात.

निघण्याआधी

सहा आठवडे आधी तुमच्या बालरोगतज्ज्ञांना भेटा. इतकं आधी का? फ्लूची लस पहिल्यांदाच द्यायची असेल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. टायफॉइड, हिपॅटायटिस ए आणि गोवरची लस झाली आहे का, हेही तेव्हाच पाहता येतं. मुलाला दम्याचा त्रास असेल, तापात झटके येऊन गेले असतील किंवा ते नुकतंच दवाखान्यात भरती राहिलं असेल, तर लांबच्या बेटांवरचा मुक्काम यंदा टाळावा आणि पोर्ट ब्लेअरलाच राहावं, असं माझं मत आहे.

सहलीचा आराखडा बघताना टूरवाल्यांचं ‘पाच दिवसांत सगळं’ हे पॅकेज बाजूला ठेवा. आपल्या चिकलठाणा विमानतळावरून अंदमानला थेट विमान नाही. विमानं बदलत पोहोचेपर्यंत बाळाचा अख्खा दिवस जातो, म्हणून पहिला दिवस रिकामाच ठेवा. रोज हॉटेल बदलण्यापेक्षा दोनच ठिकाणी मुक्काम करा. बाराटांगची सहल तर सरळ वगळा. त्यासाठी पहाटे तीन-चारला उठावं लागतं. पुढे जारवा राखीव क्षेत्रातून गाड्या ताफ्याने जातात आणि मध्ये थांबायला परवानगी नसते. बाळाला उलटी झाली तरी गाडी थांबणार नाही.

आणखी एक गोष्ट पॅकेजमध्ये लिहिलेली नसते. अंदमान आपल्यापेक्षा बरंच पूर्वेला आहे, पण घड्याळ तेच. तिथे सूर्य आपल्याकडच्यापेक्षा साधारण तासभर आधी मावळतो आणि सकाळी लवकरच लख्ख उजाडतं. बाळ पहाटे साडेपाचला उठून बसलं तर वैतागू नका. तीच वेळ किनाऱ्यावर जायला सगळ्यात चांगली असते. सकाळी नऊपर्यंत आणि दुपारी साडेतीननंतर समुद्र, मधल्या वेळेत जेवण आणि झोप. उन्हाचा निम्मा त्रास एवढ्यानेच टळतो. उरलेल्यासाठी टोपी, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि उघड्या अंगाला एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन लावा. पाण्यातून बाहेर आल्यावर ते पुन्हा लावावं लागतं.

बोट आणि विमान

विमान उतरताना कान दुखतात, तेव्हा बाळ काहीतरी गिळत राहील असं पाहा. अंगावरचं दूध किंवा घोटभर पाणी चालेल. बोट लागण्याचा त्रास दोन वर्षांखालच्या मुलांना सहसा कमी होतो. तरीही ‘झोपेल तरी’ म्हणून मोठ्यांची उलटीची गोळी अर्धी करून देणारे पालक असतात. हे कधीही करू नका. त्या गोळ्यांमधलं प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या मुलांचा श्वास मंदावू शकतं. बोटीत मधल्या जागी बसा, निघण्याआधी हलकं खायला द्या. लहान मापाचं लाइफ जॅकेट आहे का, हे चढण्याआधीच विचारा.

पाणी : पोटातलं आणि समुद्रातलं

प्रवासात मुलं सगळ्यात जास्त आजारी पडतात ती जुलाबाने. आपल्या शहरात अनेक भागांत नळाला काही दिवसांनी एकदाच पाणी येतं, त्यामुळे साठवलेलं पाणी गाळून-उकळून वापरायची शिस्त आपल्या घरांत आहेच. तीच शिस्त तिथे पाळा. सीलबंद किंवा उकळलेलंच पाणी, बर्फ नाही, कापून ठेवलेली फळं नाहीत. बाळाची दूधपावडर आणि नाचणी सत्त्व घरूनच न्या. गरम भात-वरण बहुतेक हॉटेलं करून देतात, मागायला संकोच करू नका. आणि मुलाने कधी मासे खाल्ले नसतील तर कोळंबी-खेकड्याची पहिली चव बेटावर नको. ॲलर्जी उठली तर मदत लांब असते.

ओआरएसची किमान दहा पाकिटं बरोबर ठेवा. एक मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, ना कमी ना जास्त. केलेलं पाणी २४ तासांनंतर फेकून द्या. प्रत्येक पातळ शीनंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिली, त्यापुढच्या मुलाला १०० ते २०० मिली, चमच्याचमच्याने द्या. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा हळूहळू सुरू करा. शहाळं एरवी उत्तम, पण जुलाबात ते ओआरएसची जागा घेत नाही. गोड खोक्यातली पेयंही नाहीत. त्यांच्या नावात ‘ओआरएस’ लिहायला एफएसएसएआयने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, ती याच गोंधळामुळे. पाकिटावर डब्ल्यूएचओ सूत्र लिहिलेलं पाहूनच घ्या. झिंकचं औषधही आधीच लिहून घ्या, ते दिवसाला २० मिलिग्रॅम असं १४ दिवस द्यायचं असतं. जुलाब ‘बांधणारी’ औषधं लहान मुलांना द्यायची नाहीत.

आता समुद्र. आपण मराठवाड्याची माणसं, आपल्यापैकी अनेकांना पोहता येत नाही आणि समुद्राची सवय तर नाहीच. बुडणारं लहान मूल ओरडत नाही, हातपाय मारत नाही. ते शांतपणे पाण्याखाली जातं, आणि त्याला घोट्याएवढं पाणीही पुरतं. मोठ्या कुटुंबात धोका कमी होतो असं वाटतं, पण आजीला वाटतं आई बघतेय, आईला वाटतं काका बघतोय. म्हणून पाळी लावा. एका वेळी एकच मोठं माणूस जबाबदार, मुलापासून हाताच्या अंतरावर, मोबाइल पिशवीत. हवा भरलेली रिंग हे खेळणं आहे, तिच्या भरवशावर मुलाला सोडू नका. हॉटेलचा तरणतलाव आणि बाथरूममधली भरलेली बादली यांनाही हेच लागू. मगरीचा इशारा देणारी पाटी असेल तिथे पाण्यात पायही घालू नये.

मूल पाण्यातून काढल्यावर श्वास घेत नसेल तर उलटं धरून पाणी काढण्यात वेळ घालवू नका. मदतीसाठी ओरडा, लगेच तोंडाने श्वास द्या आणि मग छाती दाबायला सुरुवात करा. हे एकदा शिकून घेणं फार उपयोगी. मूल शुद्धीवर आलं, रडलं, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवाच.

तापाचं औषध, आणि बोट कधी पकडायची

पॅरासिटामॉलचा डोस वजनावर ठरतो : दर किलोला १५ मिलिग्रॅम, चार ते सहा तासांच्या अंतराने, २४ तासांत चारदाच. दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम लागतात. पण ५ मिलीत २५० मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे ते होतात ३ मिली, आणि १२५ असलेल्या सिरपचे ६ मिली. बेटावरच्या दुकानात वेगळं सिरप मिळालं आणि तुम्ही घरचाच आकडा वापरला, तर डोस दुप्पट किंवा निम्मा होईल. म्हणून नेहमीचं सिरप न्या आणि मिलीचा आकडा डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. मोबाइलची रेंज जाते, कागद राहतो.

सहा-आठ तास शू झाली नाही, रडताना अश्रू येत नाहीत, डोळे खोल गेले आहेत, मूल मलूल आहे, पाजलेलं सगळं उलटून पडतं, शीत रक्त आहे, श्वास जोरात चालतो किंवा झटका आला, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका. आधी बेटावरचं आरोग्य केंद्र, आणि पोर्ट ब्लेअरला न्यायचं का हे तिथेच विचारा. सकाळपासून जुलाब सुरू असतील आणि मूल नीट पीत नसेल, तर दुपारी दोनला बोटीचा विचार करा, संध्याकाळी सहाला नाही. तिकिटाचे पैसे वाया जातील म्हणून ‘उद्या बघू’ म्हणणं इथे महागात पडतं.

किनाऱ्यावर वाळूतल्या बारीक माश्या चावतात, त्यांच्या गांधी कित्येक दिवस खाजतात. चादर अंथरूनच बसवा, नखं कापून ठेवा. प्रवाळाचे तुकडे पाय कापतात, म्हणून बाळाला पायात बूट हवेत. डास टाळायला मलम वापरा, पण बाळाच्या तळहातांना लावू नका. हात थेट तोंडात जातात.

परत आल्यावर महिनाभरात ताप आला, तर ‘व्हायरल असेल’ म्हणून घरी थांबू नका. डॉक्टरांना अंदमानला जाऊन आल्याचं आवर्जून सांगा, म्हणजे मलेरिया आणि डेंग्यूची तपासणी पहिल्याच दिवशी होईल.