नाकाची ॲलर्जी आणि ‘ड’ जीवनसत्त्व : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सकाळी उठल्या उठल्या शिंकांची माळ लागते, नाक वाहतं, डोळे चोळून लाल होतात. रक्त तपासलं की ‘ड’ जीवनसत्त्व कमी निघतं आणि दुखण्याचं मूळ सापडलं असं वाटून अनेकजण नाकाचं औषध बंद करतात. पण आपल्याकडे ही कमतरता इतकी सर्रास आहे, की आयुष्यात कधी ॲलर्जी न झालेल्या माणसाच्या रिपोर्टातही ती सहज दिसते.

गैरसमज : ‘ड’ कमी झालं की नाकाची ॲलर्जी होते.
वस्तुस्थिती : ॲलर्जीत शरीर धुळीतले माइट, परागकण, बुरशी अशा एरवी निरुपद्रवी गोष्टींविरुद्ध आयजीई प्रतिद्रव्यं बनवतं. ते कण पुन्हा नाकात गेले की मास्ट पेशींतून हिस्टामिन सुटतं आणि शिंका सुरू होतात. रोगप्रतिकारक पेशींवर ‘ड’चाही परिणाम होतो, म्हणून संशोधकांनी हा संबंध तपासला. काही पाहण्यांत ॲलर्जीच्या रुग्णांमध्ये पातळी कमी आढळली, तर काहींत फरकच दिसला नाही. शिवाय धूळ आणि पराग टाळायला घरात बसणाऱ्याला ऊनही कमी मिळतं. कमतरतेमुळे ॲलर्जी होते, हे अजून सिद्ध झालेलं नाही.

गैरसमज : बाळाला भरपूर ‘ड’ दिलं की पुढे ॲलर्जी होत नाही.
वस्तुस्थिती : उत्तर फिनलंडमध्ये १९६६ साली जन्मलेल्या मुलांचा दीर्घकाळ पाठपुरावा झाला. पहिल्या वर्षी ज्यांना ‘ड’ नियमित दिलं होतं, त्यांच्यात वयाच्या ३१व्या वर्षी नाकाची ॲलर्जी उलट अधिक आढळली. एवढ्यावरून ‘ड’ने ॲलर्जी होते असंही म्हणता येत नाही. बाळाला डॉक्टर रोज ४०० युनिट देतात ते हाडांसाठी आणि मुडदूस टाळण्यासाठी. ते थेंब बंद करू नयेत.

गैरसमज : कोवळं ऊन घेतलं की ‘ड’ची सोय झाली.
वस्तुस्थिती : त्वचेत ‘ड’ तयार करणारे यूव्हीबी किरण सकाळच्या तिरप्या उन्हात फारच थोडे असतात. आपली सावली उंचीपेक्षा आखूड असते, तेव्हाचं ऊन खरं उपयोगी. खिडकीच्या काचेतून हे किरण आत येत नाहीत. दुपारच्या उन्हात मात्र थोडा वेळच थांबावं, त्वचा भाजू देऊ नये.

गैरसमज : ६०,००० युनिटची पुडी जितकी घ्यावी तितकी चांगली.
वस्तुस्थिती : ही पुडी साधारणपणे आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडेच असते. ती चुकून रोज घेतली गेली तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं. मग उलट्या, बद्धकोष्ठता, सतत तहान आणि पुढे मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. प्रौढाची रोजची गरज सुमारे ६०० युनिट आहे.

गैरसमज : नाकाच्या स्प्रेत स्टेरॉइड असतं, त्यापेक्षा जीवनसत्त्व बरं.
वस्तुस्थिती : कमतरता असलेल्या रुग्णांना नेहमीच्या औषधांच्या जोडीला ‘ड’ दिल्यावर काही छोट्या चाचण्यांत त्रास थोडा कमी झाला. पण ‘ड’ त्या औषधांची जागा घेऊ शकत नाही. सततच्या त्रासावर स्टेरॉइडचा स्प्रे हाच सर्वांत परिणामकारक उपाय मानला जातो. योग्य मात्रेत तो रक्तात फार थोडा उतरतो. तो मारताना मान किंचित पुढे झुकवावी. उजव्या हाताने डाव्या आणि डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत मारावा, म्हणजे फवारा मधल्या पडद्यावर न बसता बाहेरच्या बाजूला जातो. पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात. दोन दिवसांत फरक नाही म्हणून स्प्रे सोडणं हीच नेहमी होणारी चूक.

यासोबत उशीचे अभ्रे आणि चादरी दर आठवड्याला कडक गरम पाण्यात धुवाव्यात आणि घरातली ओल काढावी, कारण माइट दमट गादीतच वाढतात. ‘ड’ कमी असेल तर हाडांसाठी आणि स्नायूंसाठी ते जरूर भरून काढा. त्याच वेळी नाकाचे उपचारही चालू ठेवा. एकाच्या नावावर दुसऱ्याकडे दुर्लक्ष करू नका.