काटा उतरतो तेव्हा

यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी जामणीच्या थंडीत रायफलचं फारसं बिघडत नाही. पारा ८-१० अंशांवर आला की काडतुसातली दारू किंचित मंद जळते, नळीतला दाब कमी भरतो. गार, दाट हवा गोळीला अडवतेही जास्त. गोळी खाली लागते. पण शंभर मीटरवर हा फरक हाताच्या थरथरीत हरवून जातो. त्याचा हिशेब सियाचीनवाल्यांनी करावा. इथे थंडी नडते ती जनावराला बेशुद्धीची सुई मारणाऱ्या वनखात्याच्या डार्टगनला.

जिल्ह्यातल्याच राळेगाव तालुक्यात २ नोव्हेंबर २०१८ ला टी-१ म्हणजे अवनी वाघीण गोळीने मेली. तिला आधी डार्ट मारली होती का, यावर वाद झाला. तेव्हापासून डार्ट हा शब्द या भागात पोरासोरांच्याही तोंडी आहे. डार्ट उडते कशी, हे मी मुकुटबनच्या बाजूला एका पहाटे वनखात्याच्या पथकाच्या चाचणीच्या वेळी जवळून पाहिलं.

डार्टगनमध्ये दारू नाही, कार्बन डायऑक्साइड आहे. सिलिंडरमध्ये तो द्रवरूपात असतो. २५ अंशांना त्याचा दाब सुमारे ६४ बार, १० अंशांना ४५. सिलिंडर पूर्ण भरलेलं असो की अर्धं, द्रव शिल्लक आहे तोवर दाब ठरतो तो तापमानावर. लागोपाठ डार्ट मारल्या की सिलिंडर आणखी गार पडतं. म्हणून पथकातल्या एकाने ते स्वेटरच्या आत धरलं होतं.

नेमबाज चावी फिरवून गॅस बंदुकीत घेतो आणि अंतर पाहून दाबमापकाचा काटा लावतो. खरी गफलत इथे होते. उबदार गाडीत काटा लावला आणि मचाणावर तासभर गारठ्यात बसलं, तर आतला गॅस आकसतो. १५ अंशांच्या फरकाला दाब साधारण पाच टक्के उतरतो. रबरी वायसर कडक होऊन गळायला लागला तर त्याहून जास्त. पोत्यावर साधं पाणी भरलेली डार्ट मारली, ती २५ मीटरवर दोन-चार बोटं खाली लागली. "काल दुपारचा नेम आज कायले कामी येते जी?" सिलिंडरवाला म्हणाला. पथकाच्या पशुवैद्यक डॉक्टरांनी काटा पुन्हा लावला.

मग दाब सरळ वाढवून का टाकत नाहीत? कारण जोरात बसलेली डार्ट हाड मोडू शकते. आणि मार कमी पडला तर सुईच्या छिद्रावरची रबरी नळी मागे सरकत नाही, औषध डार्टमध्येच राहतं. डार्ट नीट लागली तरी थंडी नडतेच: झायलॅझिन-केटामिन या बेशुद्धीच्या औषधांनी निजलेल्या जनावराला स्वतःचं अंग उबदार ठेवता येत नाही. अशा पहाटे त्याच्यावर घोंगडी टाकावी लागते.

गावात वाघ शिरला की लोकांचा संताप रास्तच असतो. तरी पथक बंदूक घेऊन नुसतं उभं दिसलं, तर आरडाओरडा करू नका. बहुधा काटा पुन्हा तपासणं चाललेलं असतं. तेवढी दहा मिनिटं त्यांना द्या.