घसा बसलाय? तीन आठवड्यांवर वाट पाहू नका

थंडी पडली की जबलपूरच्या मराठी घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "घसा बसलाय." शेजारच्या आंटी "गला बैठ गया? मुलेठी चूसो" सांगतात, आजी हळद-दूध देते आणि आठवड्याभरात आवाज परत येतो. पण तीन आठवडे झाले तरी तो आलाच नाही तर?

अशा वेळी कोणी "होईल आपोआप बरं" म्हणत महिने काढतं, तर कोणी कॅन्सरच्या भीतीने डॉक्टरकडे जाणंच टाळतं. खरं तर घशातली प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. काही दुर्मीळ गाठी शरीरात इतरत्र पसरत नाहीत. त्यांना साध्या गाठी म्हणतात. मात्र 'साधी' म्हणजे दुर्लक्ष करण्यासारखी नव्हे. श्वासाची वाटही तिथूनच जाते आणि लहान मुलांत ती मुळातच अरुंद असते.

मुलाचा आवाज सतत घोगरा

एचपीव्ही विषाणूच्या ६ आणि ११ या प्रकारांमुळे स्वरयंत्रात चामखिळीसारखे कोंब येतात. त्यांना पॅपिलोमा म्हणतात. लहान मुलांना हा संसर्ग बहुधा जन्माच्या वेळी आईकडून होतो. आवाज घोगरा होतो, मग धाप लागते. अनेकदा हा दमाच समजला जातो. दम्याच्या पंपाने फरक पडत नसेल आणि आवाजही बसलेला असेल, तर घसा तपासून घ्या. हे कोंब दुर्बिणीतून काढतात, पण ते पुन्हा उगवू शकतात. त्यामुळे काही मुलांवर अनेकदा शस्त्रक्रिया करावी लागते.

तान्ह्या बाळाची घरघर

पहिल्या काही महिन्यांत श्वासनलिकेच्या तोंडाशी रक्तवाहिन्यांची गाठ वाढू शकते. प्रोप्रॅनोलॉल या हृदयविकाराच्या औषधाने अशा गाठी आक्रसतात, हे फ्रान्समधल्या डॉक्टरांनी २००८ मध्ये दाखवलं. तेव्हापासून अनेक बाळांची शस्त्रक्रिया टळली. हे औषध मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं.

वयात येणाऱ्या मुलाच्या नाकातून रक्त

एक नाक सतत चोंदलेलं आणि त्यातून वारंवार रक्त येत असेल, तर नाकामागे, घशाच्या वरच्या भागात अँजिओफायब्रोमा असू शकतो. तो जवळजवळ फक्त मुलग्यांमध्येच आढळतो.

निदान कसं होतं?

मॅन्युएल गार्सिया या गायनशिक्षकाने १८५४ मध्ये छोटा आरसा आणि सूर्यप्रकाश वापरून स्वतःचं स्वरयंत्र पाहिलं होतं. आज हेच काम नाकातून घातलेली बारीक दुर्बीण काही मिनिटांत करते. गरजेप्रमाणे सीटी स्कॅन किंवा एमआरआय होतो. गाठ नेमकी कसली, हे बहुतेक वेळा तिचा तुकडा तपासल्यावरच पक्कं कळतं. अँजिओफायब्रोमा याला अपवाद आहे. त्याचा तुकडा काढताना प्रचंड रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून निदान स्कॅनवरूनच करतात.

जबलपूरमध्ये १९५५ पासून सुरू असलेल्या नेताजी सुभाषचंद्र बोस मेडिकल कॉलेजमध्ये कान-नाक-घसा विभाग आहे. आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचारांचं संरक्षण मिळतं. तुमचं कार्ड या उपचाराला चालेल का, हे आधी विचारून घ्या.

लस आहे का?

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हावॅक ही लस गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी ओळखली जाते. ती एचपीव्हीच्या १६ आणि १८ या प्रकारांसोबत ६ आणि ११ पासूनही बचाव करते. अशीच लस सर्रास दिल्यावर ऑस्ट्रेलियात मुलांमधला पॅपिलोमा खूपच कमी झाला. म्हणजे आज मुलीला दिलेली लस उद्या तिच्या बाळाचा घसाही जपू शकते. आधीच झालेली गाठ मात्र लशीने जात नाही.

इथे थांबायचं नाही

श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येत असेल, छाती आत ओढली जात असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. थेट रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग गाठा. एरवी हळद-दूध जरूर द्या, फक्त कॅलेंडरवरही लक्ष ठेवा.