सुएझमुळे बबल कार आली का? ‘कारण’ शोधताना होणारी एक चूक

इसेट्टा या गाडीचा फोटो तुम्ही कुठेतरी पाहिला असेल. अंड्यासारखी गोल, जेमतेम सव्वादोन मीटर लांब. बाजूला दार नाहीच. समोरचा अख्खा भाग फ्रिजच्या दारासारखा उघडतो आणि स्टीअरिंगही त्याच्याबरोबर बाहेर येतं. ती मुळात काढली इटलीतल्या इसो कंपनीने, जी फ्रिज आणि स्कूटर बनवायची. नंतर बीएमडब्ल्यूने परवाना घेऊन जर्मनीत तिचं उत्पादन केलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात अशा चिमुकल्या गाड्यांची, म्हणजे मायक्रोकारची, लाटच आली. का आली? कुठलाही लोकप्रिय लेख उघडा, उत्तर तयार असतं: १९५६ चं सुएझ संकट. कालवा बंद, पेट्रोलची टंचाई, म्हणून छोट्या गाड्या. वाचायला बरं वाटतं. मीही हे वाक्य सुरुवातीला माझ्या टिपणांत बिनदिक्कत उतरवून घेतलं होतं.

आता एक साधं काम करू. तारखा एका ओळीत लिहू.

इसेट्टा आली १९५३ मध्ये. विमानासारखी पुढे-मागे सीट असलेली मेसरश्मिट केआर १७५ सुद्धा १९५३ मध्येच. बीएमडब्ल्यूची इसेट्टा आणि ग्लास कंपनीची गोगोमोबिल १९५५ मध्ये. आणि इजिप्तने सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं जुलै १९५६ मध्ये. झालं! कारण परिणामाच्या नंतर येऊ शकत नाही. म्हणजे या गाड्यांच्या जन्माचं श्रेय सुएझला देता येत नाही.

मग जन्म कशामुळे झाला? इथे एकच उत्तर पुरत नाही.

पहिली गोष्ट, पैसा. मोटारसायकलवर पावसात भिजत कामाला जाणाऱ्या माणसाला डोक्यावर छप्पर हवं होतं, पण पूर्ण आकाराची गाडी परवडत नव्हती. दुसरी गोष्ट, कारखाने. युद्ध हरलेल्या जर्मनीत विमानं बनवायला बंदी होती, त्यामुळे मेसरश्मिटला दुसरं काम हवंच होतं. त्याच सुमारास फ्रिट्झ फेंड हा अभियंता अपंगांसाठी छोटी वाहनं बनवत होता. त्याची कल्पना आणि मेसरश्मिटचा कारखाना एकत्र आले.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: नियम. जर्मनीत जुना चौथ्या वर्गाचा परवाना असलेल्यांना २५० सीसीपर्यंतचं वाहन चालवता यायचं. बीएमडब्ल्यूच्या पहिल्या इसेट्टाचं इंजिन किती? २४७ सीसी. ब्रिटनमध्ये नियम वेगळा: तीनचाकीला कर कमी, आणि रिव्हर्स गिअर नसेल तर मोटारसायकलच्या परवान्यावर ती चालवता येई. १९५७ पासून इसेट्टा ब्रायटनमध्ये बनू लागली, तेव्हा तिथे मुख्यतः तीन चाकांची बनली. जर्मनीत मागे जवळजवळ बसवलेली दोन चाकं, ब्रिटनमध्ये एकच. गाडी तीच, नियम बदलला तसा तिचा आकार बदलला. असा पुरावा मिळाला की संशोधकाने त्यावर बोट ठेवायचं, कारण इथे बाकी गोष्टी बऱ्याचशा सारख्या आहेत आणि नेमका एक घटक वेगळा आहे.

मग सुएझ पूर्ण बाद? नाही, ही उलट्या बाजूची चूक झाली. ब्रिटनमध्ये डिसेंबर १९५६ ते मे १९५७ पेट्रोलचं रेशनिंग होतं आणि त्या काळात जर्मन बबल कारना तिथे मागणी वाढली. म्हणजे सुएझने ‘जन्म’ नाही, पण ‘प्रसार’ समजतो, आणि तोही मुख्यतः ब्रिटनमधला.

उरला शेवट. पेट्रोल हेच एकमेव कारण असतं तर रेशनिंग उठल्यावर या गाड्या लगेच संपायला हव्या होत्या. पण इसेट्टा १९६२ पर्यंत बनत राहिली, मेसरश्मिट १९६४ पर्यंत, गोगोमोबिल तर १९६९ पर्यंत. बीएमडब्ल्यूने एकूण १ लाख ६० हजारांहून अधिक इसेट्टा बनवल्या. त्या मागे पडल्या ते लोकांचं उत्पन्न वाढलं आणि चौघं बसतील अशा स्वस्त गाड्या आल्या म्हणून: १९५७ ची फियाट ५००, १९५९ ची मिनी. गंमत बघा, मिनीचं काम अ‍ॅलेक इसिगोनिसकडे सोपवलं गेलं ते याच पेट्रोलटंचाईच्या दिवसांत. ज्या संकटाने बबल कारचा खप वाढवला, त्यानेच तिचा प्रतिस्पर्धीही उभा केला.

आपल्याकडचं एक उदाहरण तुलनेसाठी ठेवा. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी ‘मीरा’ या छोट्या गाडीचे नमुने बनवले, पण तिचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन कधी झालं नाही. फक्त यशस्वी गाड्याच मोजल्या तर ‘गरज होती म्हणून गाडी आली’ हे विधान नेहमी खरंच वाटेल. जिथे गरज होती पण गाडी आली नाही, अशी उदाहरणंही तपासायला हवीत.

तुमच्या प्रपोजलमध्ये ‘अमुकमुळे तमुक झालं’ असं वाक्य असेल, तर गाइडकडे जाण्याआधी तीन प्रश्न विचारून बघा. तारखा जुळतात का? मी सुरुवातीबद्दल बोलतोय, प्रसाराबद्दल की शेवटाबद्दल? आणि माझं कारण खरं असेल, तर आणखी काय दिसायला हवं होतं? तिसऱ्या प्रश्नाला वेळ लागतो, पण प्रबंधाचं एखादं प्रकरण बऱ्याचदा तिथूनच निघतं.