‘आपत्ति’ म्हणजे संकट नव्हे!

सीमाभागातील मराठीचा प्रश्न निघाला की चर्चा शाळा, ग्रंथालय आणि संमेलन यांपाशीच थांबते. आम्हाला तो घराच्या ओट्यावर दिसतो. लांजी, कटंगी, वारासिवनीकडे पुढे काढलेल्या पडवीबद्दल किंवा रस्त्यात आलेल्या ओट्याबद्दल नोटीस येते ती हिंदीत. लिपी एकच, म्हणून मराठी माणूस ती वाचतो. आणि तिथेच फसतो.

‘आपत्ति प्रस्तुत करें’ हेच पाहा. आपल्याकडे आपत्ती म्हणजे संकट, हिंदी कचेरीत ती हरकत. नोटीस आपले म्हणणे मागत असते आणि आपण घाबरून घरी बसतो. मुदत टळली की निकाल एकतर्फी. उलट नगरपालिकेच्या बिलावरचा ‘शिक्षा उपकर’ पाहून दंड झाला असे वाटते. तो शिक्षणासाठीचा कर! खरा दंड ‘शास्ति’ किंवा ‘अर्थदंड’ या शब्दांत असतो. हद्दीच्या वादात कोणी ‘राजीनामा’ करा म्हटले, तर पद सोडायचे नसते, समझोता करायचा असतो. (आमच्या सरपंचमंडळींनी हे ध्यानी ठेवावे.)

नगरपालिका हद्दीत १९६१ च्या नगरपालिका अधिनियमाचे कलम १८७ लागू आहे: परवानगीवाचून बांधकाम नाही. कलम १८७-क मध्ये ‘प्रशमन’ आहे, म्हणजे मर्यादेतले जादा बांधकाम शुल्क भरून नियमित करून घेणे. ही मर्यादा २०२१ मध्ये १० टक्क्यांवरून ३० टक्के झाली. रस्त्यात गेलेल्या भिंतीला मात्र ही वाट नाही. खेड्यात १९९३ च्या पंचायत राज कायद्याप्रमाणे पंचायतीची परवानगी लागते. सरकारी जागेवर घर असेल, तर भू-राजस्व संहिता १९५९ च्या कलम २४८ खाली तहसीलदार दंड आणि ‘बेदखली’, म्हणजे जागेवरून काढणे, दोन्ही करू शकतात. घरपट्टीची पावती दाखवून यातून सुटका होत नाही. कर भरला म्हणजे परवानगी मिळाली, असे कायदा मानत नाही.

ही अडचण आमच्या आजोबांना नव्हती. राजधानी नागपूर होती, आणि १९५० च्या कायद्याने हिंदीबरोबर मराठीही राजभाषा होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. बाघ नदीपलीकडच्या सोयऱ्याचे घर गावठाणात, आपले ‘आबादी’त.

हिंदीशी आमचे वैर नाही. मुलांना ती आम्हीच शिकवतो. पण राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडता येते, हे किती घरांना ठाऊक आहे? समितीची मागणी साधी आहे: मराठी वस्तीतल्या प्रत्येक नोटिशीला मुदत, हरकत आणि दंड मराठीत सांगणारा अर्धा कागद जोडावा. तोवर नोटीस आली की आधी तारीख पाहावी, शाळेत येऊन ती वाचून घ्यावी, मुदतीत लेखी उत्तर द्यावे आणि नकलेवर शिक्का-सहीची पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नये.